रेकॉर्ड रूम हलवताना: एका विद्यापीठाच्या अभिलेख कक्षातल्या नोंदी

सोमवार, ३ मार्च २०२५

आज चाव्या मिळाल्या. कुलपं तीन, चाव्या सात. कुठली कशाची ते फक्त इथले जुने कर्मचारी, मामा, यांना ठाऊक.

काम असं: परीक्षा भवनाच्या तळघरातली रेकॉर्ड रूम १० जूनच्या आत रिकामी करायची आणि सगळे अभिलेख जुन्या ग्रंथालयाच्या पहिल्या मजल्यावर न्यायचे. तळघरात पावसाळ्यात पाणी शिरतं हे आमच्याकडे शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. भिंतीवर जमिनीपासून हातभर उंचीला मातकट रेघ आहे, ती आमची पूररेषा. तिच्याखालच्या खणात मामा काही ठेवू देत नाहीत.

माझ्या आदेशात कामाचं वर्णन एका ओळीत आटोपलंय: 'अभिलेख कक्षाचे स्थलांतर व अनुषंगिक कामे'. रुजू झाले तेव्हा एका सहकाऱ्यांनी विचारलं होतं, "म्हणजे तुम्ही ग्रंथपालच ना?" ग्रंथपालाकडचं पुस्तक हरवलं तर दुसरी प्रत बहुधा कुठेतरी मिळते, माझ्याकडच्या बहुतेक कागदांना दुसरी प्रतच नाही. शिवाय पुस्तक कुणीतरी वाचावं म्हणून लिहिलेलं असतं. माझ्याकडचा कागद कुणीतरी हातातलं काम उरकावं म्हणून लिहिलाय, त्यामुळे तो कुणाच्या टेबलावरून कुणाच्या टेबलावर गेला हे कळल्याशिवाय तो अर्धाच कळतो. हे सगळं मी त्यांना सांगत बसले नाही. "साधारण तसंच," म्हटलं आणि चहा घेतला.

हाताशी माणसं: एक कनिष्ठ लिपिक, 'कमवा व शिका' योजनेतले इतिहासाचे दोन विद्यार्थी (एक मुलगा, एक मुलगी) आणि मामा. मामा ३१ जुलैला निवृत्त होतायत.

गुरुवार, ६ मार्च

पहिली फेरी. आमच्याकडे फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्याला अजून 'रुमाल' म्हणतात, पुण्यात पेशवे दफ्तरात म्हणतात तसंच. हे फडकं दिसायला गबाळं वाटतं, पण धूळ अडवतं आणि कागदाला दमटपणा सोडू देतं. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरलेले नव्वदच्या दशकातले गठ्ठे उघडले तर आत बुरशी. त्याच्या शेजारचा त्याहून जुना रुमाल खडखडीत कोरडा.

रंग वेगवेगळे का, असं मी सहज विचारलं.

"लाल खारवा परीक्षेचा. पांढरं मांजरपाट कॉलेजांचं, म्हणजे संलग्नता. निळं कोर्टाचं." मग मामा जरा थांबले. "आणि गाठ बघायची मॅडम. सुरगाठ असली तर कागद परत मागवणार. निरगाठ म्हणजे मिटलं."

"हे कुठं लिहून ठेवलंय?"

"लिहायचं काय त्यात?"

कुठल्याही नोंदवहीत हे नाही. मामांना हे त्यांच्या आधीच्या मामांनी सांगितलं. म्हणजे इतकी वर्षं या तळघराची सूची एका माणसाच्या डोक्यात होती आणि ती पाच महिन्यांनी पेन्शनवर जाणार होती.

ठरवलं: एकही रुमाल जागचा हलवायचा नाही, जोवर त्याचा फोटो, रॅक, खण, फडक्याचा रंग आणि गाठ यांची नोंद होत नाही. तक्त्यात 'गाठ' असा रकाना केल्यावर मुलं हसली.

मंगळवार, ११ मार्च

१८९१ साली आजच्याच तारखेला कलकत्त्यात इम्पिरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट सुरू झालं. तेच आजचं दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार. आमच्या इमारतीत ही गोष्ट माझ्याशिवाय कुणाला माहीत असायचं कारण नाही. सगळ्यांना कांदाभजी मागवली.

भजी खाता खाता मुलांना दोन नियम सांगितले. एक, ज्या कचेरीनं कागद निर्माण केला त्या कचेरीच्या कागदांत तो राहिला पाहिजे. विषय सारखा म्हणून दोन विभागांचे कागद एकत्र करायचे नाहीत. फ्रान्समध्ये १८४१ सालच्या एका परिपत्रकानं ही शिस्त लावली. दोन, त्या कचेरीनं कागद ज्या क्रमानं लावले तो क्रम मोडायचा नाही.

मुलीनं चांगला प्रश्न विचारला. "मग रियासतकारांनी पेशवे दफ्तरातून निवडून छापलं ते?" गो. स. सरदेसाई यांनी तीसच्या दशकात निवडक कागदांचे ४५ खंड काढले, अभ्यासकांची केवढी तरी सोय झाली. पण ती एका जाणत्या इतिहासकाराची निवड. न निवडलेले कागद हजारो रुमालांत अजून पुण्यात आहेत आणि नवा प्रश्न घेऊन येणाऱ्याला तिथंच जावं लागतं. आपलं काम ते रुमाल त्याला जसेच्या तसे मिळतील असं बघायचं.

बुधवार, १९ मार्च

चूक झाली. नोंदवून ठेवते.

मुलगा मोठा उत्साही. परवा त्यानं संलग्नता विभागाची सत्तरच्या दशकातली एक जाड नस्ती (फाइल) घेतली, टॅग सोडला, सगळी पत्रं तारखेनुसार लावली, 'डबल' प्रती वेगळ्या काढल्या आणि पुस्तकासारखी नीटनेटकी करून माझ्यासमोर ठेवली. चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा.

नस्तीत एका बाजूला टिपणी भाग असतो, दुसऱ्या बाजूला पत्रव्यवहार. टिपणीत लिपिकानं लिहिलेलं असतं, 'कृपया पृ. ४३/प.वि. पाहावे', म्हणजे पत्रव्यवहाराचं पान ४३. इथं पान ४३ होतं १९७१ सालचं एक तक्रारीचं पत्र. ते १९७४ साली दुसऱ्या एका पत्राला पुरावा म्हणून जोडून आलं होतं; त्याआधी ते विद्यापीठात कुणी पाहिलेलंच नव्हतं. तारखेनुसार लावल्यावर ते उडी मारून सर्वांत पुढे गेलं. आता ही नस्ती वाचणाऱ्याला वाटेल की तक्रार १९७१ सालीच हाती आली होती आणि तीन वर्षं कुणी हललं नाही. एक पान हललं आणि एका मेलेल्या कुलसचिवावर दिरंगाईचा ठपका आला.

'डबल' म्हणून काढलेल्या प्रतींपैकी एकीच्या समासात हिरव्या शाईत शेरा होता: 'चर्चा करावी'. खाली सही. तेवढ्यासाठीच ती दुसरी प्रत नस्तीत होती.

पानांच्या कोपऱ्यात पेन्सिलीचे जुने आकडे होते म्हणून निभावलं. दोन दिवस लागले पूर्ववत लावायला. मुलाला काही बोलले नाही. नियम सांगितला होता, पण उघडी नस्ती समोर ठेवून दाखवला नव्हता.

शुक्रवार, ४ एप्रिल

आजपासून निंदणी. शेतातला शब्द सरकारी भाषेत आलाय: अभिलेखांचे निंदणीकरण. अ वर्ग कायम, ब तीस वर्षं, क दहा, क-१ पाच, ड एक वर्ष. कागदावर सोपं आहे. मुदत संपलेले गठ्ठे दहा-बारा वर्षं कुणी काढलेच नाहीत, म्हणून रॅक तुंबलेत.

बाहेरच्यांना वाटतं अभिलेखपाल म्हणजे सगळं जपणारा. खरं तर माझा अर्धा वेळ काय जपायचं नाही हे ठरवण्यात जातो. कागद ठेवायला कुणी माझी सही मागत नाही. नष्ट करायच्या यादीवर मात्र प्रत्येक पानावर लागते. आणि ती गमतीनं करायची सही नाही. केंद्राच्या १९९३ सालच्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात, ठरलेली पद्धत सोडून अभिलेख नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितलेत. राज्याचा स्वतंत्र कायदा २००५ सालचा.

लिपिकानं केलेल्या पहिल्या यादीत 'आस्थापना, क वर्ग, १९९१' असा एक रुमाल होता. हिशेबानं मुदत केव्हाच संपलेली. उतरवायला गेलो तर फडकं निळं. आणि सुरगाठ.

मामा म्हणाले, "हे नाही."

उघडला. सेवाज्येष्ठतेचा वाद. विधी कक्षाला फोन केला. तिथल्या बाईंनी अर्ध्या तासानं उलट फोन केला की त्यातलं एक अपील अजून प्रलंबित आहे. न्यायालयात प्रकरण असेपर्यंत नस्तीला हात लावायचा नसतो, हा नियम मला पाठ आहे. पण या रुमालाच्या चिठ्ठीवर कोर्टाचा उल्लेखच नव्हता. तो फक्त फडक्याच्या रंगात आणि गाठीत होता.

सगळी यादी नव्यानं गाठी बघून तपासायची ठरली. 'गाठ' रकान्याला आता कुणी हसत नाही.

उत्तरपत्रिका नष्ट करायच्या त्या कापूनच द्यायच्या, पंचनामा करून, आमच्या माणसासमोर. लहानपणी आमच्या गावच्या एस.टी. स्टँडवर भजी कुणाच्यातरी भूगोलाच्या पेपरात मिळायची, लाल पेनातल्या गुणांसकट. तेव्हा मजा वाटायची.

मंगळवार, १५ एप्रिल

काल जयंतीची सुट्टी. आज नेमका प्रश्न निघाला तो विद्यार्थ्यांच्या वैयक्तिक नस्त्यांचा: प्रवेशअर्ज, पात्रता प्रमाणपत्रं, शिष्यवृत्तीचे कागद. एकट्या याच कागदांनी अख्खी भिंत व्यापलीय. वर्ग क. लिपिकाचं म्हणणं, "मॅडम, निकालाची लेजरं कायम ठेवतोय ना? मग हे कशाला?"

त्याचं चुकत नाही. पण लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या ग्रंथालयात एका विद्यार्थ्याची फाइल आहे. १९१६ साली दाखल, शिष्यवृत्तीची मुदत संपल्यानं १९१७ साली भारतात परत, १९२० साली पुन्हा हजर. त्यात प्रवेशाचे कागद आहेत आणि त्याच्याबद्दल प्राध्यापकांचा आपसातला पत्रव्यवहार. १९१६ साली ती फाइल लावणाऱ्या कारकुनाला भीमराव आंबेडकर म्हणजे कोण हे कळायचं काहीच कारण नव्हतं. त्यानं इतर फायलींसारखीच तीही लावली आणि ती तशी राहिली, एवढंच. आज ती नसती तर बाबासाहेबांच्या लंडनच्या दिवसांतला एक तुकडा आपल्या हाती नसता.

मग सगळंच ठेवायचं का? जागा नाही, पैसा नाही, आणि ढिगात कागद असणं आणि नसणं सारखंच. 'पुढे मोठे झाले' त्यांच्याच नस्त्या ठेवायच्या असाही एक विचार पुढे आला. तो मी मोडून काढला. तसं केलं तर शंभर वर्षांनी वाचणाऱ्याला वाटेल की आमच्याकडे सगळे थोरच शिकले. ज्या मुलीनं पहिल्या वर्षानंतर शिक्षण सोडलं तिचा अर्ज, त्यावर वडिलांच्या व्यवसायापुढे 'शेतमजूर' आणि मिळकतीपुढचा आकडा, याचं मोल वेगळंच आहे.

मसुदा असा केला: प्रवेश नोंदवह्या आणि निकालाच्या टीआर (टॅब्युलेशन रजिस्टर, गुणांच्या जाड वह्या) सगळ्या कायम. वैयक्तिक नस्त्यांमध्ये दर पाचव्या वर्षाच्या पूर्ण ठेवायच्या, मधल्या वर्षांतल्या वसतिगृह आणि शिष्यवृत्तीच्या तेवढ्या. याला शास्त्रीय आधार विचारला तर सांगता येईल. पण पाचवंच वर्ष का, चौथं का नाही, याला भिंतीची लांबी हेच खरं उत्तर आहे. तेही टिपणीत लिहिलंय. पुढच्या माणसाला कळू दे.

गुरुवार, २४ एप्रिल

माहिती अधिकारातला अर्ज खाली आला. एका जुन्या निवड समितीचं इतिवृत्त हवंय. अर्जासोबत वरून तोंडी निरोप: "बघा, सापडतंय का. नसेल सापडत तर तसं कळवा."

या वाक्याचा अर्थ ज्यानं कचेरीत दोन वर्षं काढलीत त्याला समजावून सांगावा लागत नाही. 'सदर अभिलेख आढळून येत नाही' हे महाराष्ट्रातलं सर्वांत जास्त वेळा टाइप झालेलं वाक्य असावं.

इतिवृत्त सापडलं. चाळीस मिनिटं लागली, कारण ते आता तक्त्यात आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये पहिलंच कर्तव्य अभिलेख सूचीबद्ध करून ठेवायचं आहे. अर्ज, तीस दिवस, अपील हे सगळं त्याच्या पुढचं. त्यातली खासगी माहिती झाकायची की नाही हे जन माहिती अधिकारी ठरवतील. आहे की नाही एवढंच मी सांगायचं, आणि मी 'आहे' असं लेखी कळवलं. निरोप आणणाऱ्यानं नंतर माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. चालायचंच.

आज दोघेजण कुणबी नोंद शोधायला आले होते. २०२३ मध्ये न्या. शिंदे समिती नेमल्यापासून असे लोक येतात. आमच्याकडे बहुधा उपयोगाचं काही नसतं. शाळेचा दाखला-रजिस्टर कुठं, तहसीलचे कागद कुठं, मोडी वाचणारा कसा शोधायचा हे एका कागदावर लिहून देते. माणसाला योग्य दारात पाठवणं हेही कामातच.

मंगळवार, ६ मे

आठवडाभर एकाच गोष्टीशी झटापट: १९९८ ते २००८ ची इतिवृत्तं.

त्याआधीची टंकलिखित आहेत, पातळ कागदावरच्या कार्बन प्रती. फिकट पण वाचता येतात. नंतरची युनिकोडमध्ये. मधली दहा वर्षं संगणकावर, श्रीलिपी आणि तशाच जुन्या फॉन्टांत. आज फाइल उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरं, डॉलरची चिन्हं, अर्धे कंस. त्या काळी फाइलीत मराठी अक्षरं नसायचीच. असायचे आकडे, आणि ते आकडे मराठी दिसण्याचं काम फॉन्ट करायचा. फॉन्ट गेला की भाषा गेली.

परिवर्तक वापरून युनिकोड केलं. नव्वद टक्के बरोबर आलं आणि खरा धोका तिथंच आहे, कारण माणूस गाफील होतो. पहिली वेलांटी पुढच्या अक्षराला चिकटते, रफार भलतीकडे जातो. हे दिसतं, म्हणून दुरुस्त होतं. आकड्यांचं दिसत नाही. एका ठरावात ५ च्या जागी भलताच आकडा आला होता. वाक्य अगदी शुद्ध, रक्कम चुकीची. छापील प्रतीशी ओळन् ओळ ताडून पाहिल्याशिवाय यापुढे काही पुढे पाठवायचं नाही. मूळ फाइल, फॉन्टची प्रत आणि युनिकोड अशी तिन्ही एकत्र ठेवायची, तीन ठिकाणी, त्यातलं एक या इमारतीबाहेर.

एका अधिकाऱ्यांनी सुचवलं, सगळं स्कॅन करा आणि मूळ रद्दीत द्या, तळघराचा प्रश्नच मिटेल. कपाटातल्या सव्वापाच इंची फ्लॉप्या त्यांना दाखवायला घेऊन गेले. "यात काय आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तेच तर.

फॅक्सचे कागद: पूर्ण कोरे. तो चकचकीत गुंडाळीचा कागद उष्णतेनं उमटवायचा, काही वर्षांत अक्षरं उडून जातात. नस्तीत बाकी सगळं जागेवर, मधे चार कोरी पानं. एका ठिकाणी मात्र कुणा लिपिकानं फॅक्समागे त्याची झेरॉक्स लावून ठेवली होती. नाव नाही, फक्त आद्याक्षरं. देव त्याचं भलं करो.

सोमवार, २६ मे

नियोजन १० जूनचं होतं. मान्सून नेहमीच्या ११ जूनऐवजी आज, १६ दिवस आधी, मुंबईत पोचला. आमच्याकडे त्याआधीच तीन दिवस धो धो.

सकाळी साडेसातला मामांचा फोन. "पाणी रेघेवर गेलं."

मंगळवार, २७ मे

काल दिवसभर फोटो काढायलाही वेळ नव्हता. आज लिहिते.

रॅकपैकी तीन चतुर्थांश आधीच वर गेले होते. राहिला होता उत्तरेकडचा कोपरा: टीआरची एक रांग, वार्षिक अहवाल आणि सुट्या नस्त्या. पाणी मातकट रेघेच्या चार बोटं वर. सगळ्यांत खालचा भरलेला खण भिजला.

भिजलेल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. घड्याळ तिथून सुरू होतं. एवढ्या नोंदवह्या दोन दिवसांत वाळवणं शक्यच नव्हतं. जाड टीआर उघडायच्याच नाहीत, आहेत तशा बटर पेपरमध्ये गुंडाळायच्या आणि गोठवायच्या. गोठलं की घड्याळ थांबतं. मग सवडीनं एकेक काढून वाळवता येते. सूक्ष्मजीवशास्त्र विभागाच्या मॅडमना फोन केला. त्यांनी विचारलं, "किती?" मी म्हटलं, "एकवीस." "या घेऊन." उणे वीस अंशांच्या दोन शीतपेट्या त्यांनी तासाभरात रिकाम्या करून दिल्या. विद्यापीठात असण्याचा असा फायदा.

वार्षिक अहवाल गुळगुळीत आर्ट पेपरचे. ते वाळले की पानं एकमेकांना डकतात आणि मग वीट होते. त्यामुळे तेही पेटीत.

सुट्या नस्त्या ग्रंथालयाच्या वाचनकक्षात टेबलांवर पसरल्या. खाली टीपकागद, वर पंखे, दर दोन तासांनी टीपकागद बदलायचा. लोखंडी टाचण्या आधी काढायच्या, नाहीतर गंज पसरतो. लिपिकानं घरून दोन टेबलफॅन आणले. मी काही बोलले नव्हते.

एक गोष्ट डोळ्यांदेखत पाहिली. एकाच पानावर दोन शाया: अर्जदाराची रॉयल ब्ल्यू आणि लिपिकाची ब्ल्यू-ब्लॅक. पान टीपकागदावर ठेवलं तसं अर्जदाराचं म्हणणं निळ्या ढगासारखं कागदात विरून गेलं. त्यावरचा लिपिकाचा शेरा, 'नामंजूर', जसाच्या तसा.

गुरुवार, २९ मे

नुकसान यादी तयार केली. काय वाचलं आणि काय गेलं, दोन्ही. 'काही किरकोळ कागद' असं लिहावं अशी सूचना आली होती. किरकोळ कोणते ते नावानिशी लिहिलंय. गेलेल्या कागदाची नोंद हाही अभिलेखच, आणि तो अ वर्गात.

सोमवार, १६ जून

वर्धापनदिनाच्या ग्रंथाची समिती आली. फोटो हवेत. मूळ फोटो घेऊन जातो म्हणाले; मी वाचनकक्षात बसून बघा आणि स्कॅन घ्या म्हटलं. थोडी नाराजी. दीक्षान्त समारंभाच्या एका जुन्या फोटोच्या पाठीवर कुणीतरी पूर्वी बॉलपेननं मथळा लिहिलाय. अक्षरं पुढच्या बाजूनं कुलगुरूंच्या कपाळावर उमटलीत. तो दाखवल्यावर त्यांचा आग्रह मावळला. (पांढरे हातमोजे घालून पोज द्या असंही त्यांच्या छायाचित्रकारानं सुचवलं. फोटोला हातमोजे ठीक आहेत. जुन्या कागदाला स्वच्छ धुतलेला कोरडा हातच बरा. मोज्यात बोटाला कागद कळत नाही आणि कोपरा फाटतो.)

एका पाकिटात विद्यार्थी आंदोलनाचे फोटो होते. "हे नकोत," अध्यक्ष म्हणाले. ग्रंथात काय घ्यायचं ही त्यांची मुखत्यारी. पण पुढे म्हणाले, "म्हणजे, एकूणच जरा बाजूलाच ठेवा." मी ते पाकीट त्यांच्यासमोरच तक्त्यात नोंदवलं. क्रमांक दिला.

त्याच दीक्षान्त फोटोत कडेला चार माणसं उभी आहेत, गणवेशात. छापील मथळ्यात त्यांची नावं नाहीत. मामांनी तिघांची सांगितली, चौथ्याचं टोपणनावच आठवलं. मऊ पेन्सिलीनं मागे कडेला लिहिलं, आणि पुढे: 'तोंडी माहिती', आजची तारीख.

शुक्रवार, ४ जुलै

एक बाई आल्या, सत्तरी ओलांडलेल्या, सोबत नात. १९७४ सालच्या बी.ए. पदवीचं प्रमाणपत्र २०१९ च्या पुरात सांगलीच्या घरात गेलं. दुय्यम प्रत हवी. बैठक क्रमांक आठवत नाही, नाव लग्नानंतर बदललंय.

प्रमाणपत्राची दुय्यम प्रत परीक्षा विभाग देतो, पण टीआरवरून पडताळणी माझ्याकडून. आणि १९७४ ची टीआर शीतपेटीत. त्यांना खरं ते सांगितलं.

"फ्रीजमध्ये?"

"हो आजी. भिजली होती."

"आमची तर वाहूनच गेली," म्हणाल्या. महिन्यानं यायचं ठरलं. माहेरचं नाव, कॉलेज, विषय लिहून घेतले. निकालाच्या छापील गॅझेटात तोवर बैठक क्रमांक शोधून ठेवते.

गुरुवार, ३१ जुलै

मामांचा शेवटचा दिवस. नारळ, शाल, भाषणं वर सभागृहात झाली. आमचं काम त्याआधीच उरकलं होतं: गेल्या तीन आठवड्यांत रोज तासभर मामा बोलले आणि मुलीनं ध्वनिमुद्रण केलं. कुठला रॅक कधी आणला, कुठल्या साली कुठला विभाग कुठून कुठं गेला, वाळवी आधी कुठल्या भिंतीला लागते, गाठी. मधेच घरच्या गोष्टी. त्याही ठेवल्यात. मुद्रणावर काय खुलं ठेवायचं आणि काय त्यांच्या पश्चात, हे त्यांच्याकडून लिहून सही घेतली.

सही करताना मामा म्हणाले, "माझी पण नस्ती झाली म्हणायची."

निळ्या फडक्याचा उगम मात्र त्यांनाही ठाऊक नाही. बहुधा त्या वर्षी निळंच कापड आलं असेल.

बुधवार, १३ ऑगस्ट

टीआर १९७४: वितळवून, पानांमध्ये टीपकागद घालून, पंख्याखाली अकरा दिवस. कडा लाटेसारख्या झाल्यात, बांधणी सैल. आत सगळं ब्ल्यू-ब्लॅक, त्यामुळे वाचता येतं. आजींचा बैठक क्रमांक गॅझेटाशी जुळला, गुण जुळले, द्वितीय श्रेणी. पडताळणी परीक्षा विभागाला दिली. एकवीसपैकी नऊ वह्या अजून पेटीत आहेत आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडम आता सौम्यपणे विचारू लागल्यात.

नव्या जागेत आर्द्रता पन्नाशीच्या आसपास राहते, पण आर्द्रताशोषकाची टाकी दिवसाला दोनदा ओतावी लागते. लागून तीन सुट्ट्या आहेत. कोण येणार ते लिपिकाशी बोलून ठरवायचंय.

एप्रिलपासून 'अभिलेखपालाची कर्तव्ये' अशी एक टिपणी लिहीत होते, पुढच्या माणसाला 'अनुषंगिक कामे' एवढ्यावर भागवावं लागू नये म्हणून. नऊ पानं झाली होती. मूल्यनिर्धारण, सूची, निंदणी, पाणी, फॉन्ट, माहिती अधिकार, सगळं. आज परत आली. शेरा: 'संक्षिप्त करून फेरसादर करावे.'

संध्याकाळपर्यंत सव्वा पानावर आणली. गाठींचा तक्ता परिशिष्ट म्हणून तसाच ठेवलाय.